घोषित प्रकार आणि प्रत्यक्ष प्रकार : जावा भाषेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगणकाच्या स्मृतीत साठविलेली कोणतीही माहिती अखेरीस शून्य आणि एक या दोन चिन्हांच्या मालिकेच्या रूपात असते. ही मालिका स्वतःविषयी काहीच सांगत नाही. युनिकोड या संकेतप्रणालीत 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. त्यामुळे सोळा बिटांची जी मालिका एके ठिकाणी २३२५ ही संख्या दर्शविते, तीच मालिका दुसऱ्या ठिकाणी 'क' हे अक्षर दर्शविते. तिची बेरीज-वजाबाकी करावयाची की तिला वर्णानुक्रमात बसवावयाचे, हे त्या मालिकेच्या बाहेरून ठरावे लागते. माहितीच्या या वर्गवारीस प्रोग्रॅमिंगच्या परिभाषेत टाइप आणि मराठीत प्रकार असे म्हणतात.

प्रकार म्हणजे काय, हे बहुतेक पाठ्यपुस्तकांत पहिल्या काही पानांतच सांगितलेले असते. मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न बरेचदा अनुत्तरित राहतो. एखाद्या वस्तूचा प्रकार कोणाला ठाऊक असतो आणि केव्हा? प्रोग्रॅम चालण्यापूर्वी कंपायलर त्याचा मजकूर वाचून जे जाणतो, त्यास स्टॅटिक टाइप म्हणतात. प्रोग्रॅम चालू असताना स्मृतीत जी वस्तू प्रत्यक्ष उभी असते तिचा प्रकार म्हणजे रनटाइम टाइप. प्रस्तुत लेखात या दोहोंसाठी अनुक्रमे 'घोषित प्रकार' आणि 'प्रत्यक्ष प्रकार' हे शब्द योजले आहेत. विवेचनासाठी जावा ही भाषा निवडली आहे, कारण या भाषेत दोन्ही प्रकार एकाच वेळी नांदतात आणि निर्णयाचे अधिकार त्यांच्यात वाटून दिलेले आहेत. ही वाटणी ज्यास उमगली नाही, तो विद्यार्थी जावाचे व्याकरण बिनचूक लिहूनही प्रोग्रॅमचे उत्तर चुकीचे सांगतो.

एका नावाचे दोन प्रकार

महाविद्यालयाच्या आस्थापना विभागाचे उदाहरण घेऊ. 'कर्मचारी' नावाचा एक क्लास आहे. त्यापासून 'प्राध्यापक' आणि 'लिपिक' हे दोन क्लास निर्माण केले आहेत. वेतन काढण्याची मेथड तिन्ही क्लासमध्ये आहे, परंतु तिचे सूत्र प्रत्येकाचे वेगळे आहे. व्याख्यान देण्याची मेथड फक्त 'प्राध्यापक' या क्लासमध्ये आहे. (जावामध्ये क्लास आणि व्हेरिएबल यांची नावे देवनागरीत लिहिता येतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी वापरली जात नाही. भाषेचे राखीव शब्द मात्र रोमनच राहतात.)

आता एक व्हेरिएबल 'कर्मचारी' या प्रकाराचे म्हणून घोषित केले आणि त्यात 'प्राध्यापक' या क्लासचे नवे ऑब्जेक्ट ठेवले. या व्हेरिएबलचा घोषित प्रकार कर्मचारी आहे आणि तो प्रोग्रॅमभर तसाच राहील. त्यातील ऑब्जेक्टचा प्रत्यक्ष प्रकार मात्र प्राध्यापक आहे, आणि पुढच्याच ओळीत त्या जागी लिपिक आला तर तो बदलेल. प्रत्येक ऑब्जेक्ट आपण कोणत्या क्लासचे आहोत याची खूण स्मृतीत स्वतःबरोबर बाळगते. पूर्णांकासारख्या साध्या मूल्यांजवळ अशी खूण नसते. त्यांच्या बाबतीत कंपायलरने जे ठरविले तेवढेच असते.

या व्हेरिएबलवर वेतनाची मेथड वापरली असता कंपायलर एवढेच पाहतो की कर्मचारी या क्लासमध्ये अशी मेथड आहे किंवा नाही. ती आहे, म्हणून तो परवानगी देतो. प्रोग्रॅम चालताना मात्र प्राध्यापकाचे सूत्र लागू होते, कारण तेथे प्रत्यक्ष प्रकार विचारला जातो. व्याख्यानाची मेथड वापरू गेल्यास कंपायलर नकार देतो. समोरचे ऑब्जेक्ट व्याख्यान देण्यास पूर्णतः समर्थ असले तरी त्यास ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या हाती केवळ घोषणेचा कागद आहे.

हा नकार ओलांडण्याचा मार्ग म्हणजे कास्ट, अर्थात 'हा कर्मचारी प्राध्यापकच आहे' असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दिलेले आश्वासन. कंपायलर ते आश्वासन नोंदवून घेतो, परंतु त्यावर विसंबत नाही. तपासणीची आज्ञा तो प्रोग्रॅममध्ये घालून ठेवतो. चालताना तेथे लिपिक आढळला तर क्लासकास्ट एक्सेप्शन ही त्रुटी उद्भवते. जे आश्वासन कधीच खरे ठरू शकत नाही, उदाहरणार्थ कर्मचाऱ्याला अक्षरमालिका म्हणणे, ते कंपायलर प्रारंभीच फेटाळतो. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी लागते. कास्टमुळे ऑब्जेक्ट बदलत नाही. लिपिकाला प्राध्यापक म्हटल्याने त्यास पदोन्नती मिळत नाही.

कोणता निर्णय कोणाचा

यापुढचा भाग अधिक फसवा आहे. एकाच नावाच्या अनेक मेथड असतात तेव्हा त्यांचे दोन भिन्न संबंध संभवतात. उपक्लासने मूळ क्लासचीच मेथड नव्याने लिहिली तर त्यास ओव्हररायडिंग म्हणतात. एकाच नावाच्या परंतु भिन्न प्रकारचे आदान घेणाऱ्या मेथड असतील तर त्यास ओव्हरलोडिंग म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही जोडी बहुधा एका तक्त्यात, शेजारी-शेजारी, परीक्षेत चार गुणांना विचारली जाईल अशा बेताने दिलेली असते. त्यांतील खरा भेद असा की ओव्हरलोडिंगची निवड घोषित प्रकारावरून होते आणि ओव्हररायडिंगची निवड प्रत्यक्ष प्रकारावरून होते.

नोंदवहीत नोंद करणाऱ्या दोन मेथड आहेत असे समजू. एक कर्मचारी स्वीकारते, दुसरी प्राध्यापक स्वीकारते. वरील व्हेरिएबल दिले असता पहिलीच मेथड निवडली जाईल. आत प्राध्यापक बसला आहे याने काही फरक पडत नाही, कारण निवड कंपायलरने आधीच करून ठेवली आहे. मुद्रणाच्या साध्या आज्ञेतही हेच दिसते. 'क' हे अक्षर छापण्यास सांगितले तर 'क' छापले जाते; त्याच अक्षरात शून्य मिळवून छापण्यास सांगितले तर २३२५ छापले जाते. बेरजेनंतर पदावलीचा घोषित प्रकार पूर्णांक झाला आणि कंपायलरने छापण्याची दुसरी मेथड निवडली.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने घडणारी एक त्रुटी नमुनेदार आहे. 'विद्यार्थी' या क्लासमध्ये दोन विद्यार्थी समान केव्हा मानावेत हे सांगणारी इक्वल्स ही मेथड लिहिली जाते आणि तिचे आदान, स्वाभाविकपणे, 'विद्यार्थी' या प्रकाराचे ठेवले जाते. जावाच्या मूळ क्लासमधील इक्वल्स मात्र कोणतेही ऑब्जेक्ट स्वीकारते. म्हणजे येथे जुनी मेथड बदललेली नाही. तिच्या शेजारी त्याच नावाची दुसरी उभी राहिली आहे. दोन विद्यार्थ्यांची थेट तुलना केली तर उत्तर बरोबर येते. तेच विद्यार्थी एखाद्या संचात ठेवून 'हा विद्यार्थी संचात आहे काय' असे विचारले तर उत्तर नकारार्थी येऊ शकते, कारण संचाच्या आतील तुलना सर्वसाधारण ऑब्जेक्टचीच मेथड वापरते. यादीत नाव असूनही विद्यार्थी गैरहजर ठरतो आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत ओव्हरराइड ही खूणचिठ्ठी आली. मेथडवर ती लावल्यास 'येथे मूळ मेथड बदललेलीच नाही' असे कंपायलर सांगतो. ही चिठ्ठी ऐच्छिक आहे. माझ्या मते प्रथम वर्षापासून ती सक्तीची असल्याप्रमाणेच शिकविली पाहिजे.

अ‍ॅरे आणि लिस्ट

प्रत्येक प्राध्यापक हा कर्मचारी असतो. मग प्राध्यापकांची यादी ही कर्मचाऱ्यांची यादी मानावी काय? सामान्य व्यवहारात आपण होय म्हणू. यादी केवळ वाचावयाची असेल तर हे उत्तर बरोबरही आहे. परंतु यादीत भर घालावयाची असेल तर ते चुकते: कर्मचाऱ्यांच्या यादीत लिपिकाचे नाव घालता येते, प्राध्यापकांच्या यादीत येत नाही.

जावाने या एकाच प्रश्नाला दोन वेळा दोन उत्तरे दिली. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ही भाषा जाहीर केली, त्या वेळी अ‍ॅरेच्या बाबतीत उत्तर 'होय' असे होते. कोणत्याही प्रकारच्या अ‍ॅरेची क्रमवारी लावणारी एकच मेथड लिहिता यावी, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. याचे मूल्य असे की प्राध्यापकांचा अ‍ॅरे कर्मचाऱ्यांच्या अ‍ॅरेच्या नावाने पुढे दिला आणि त्यात कोणी लिपिक ठेवू लागला, तर कंपायलर हरकत घेत नाही. प्रोग्रॅम चालताना मात्र अ‍ॅरेला आपला मूळ प्रकार आठवतो आणि अ‍ॅरेस्टोअर एक्सेप्शन ही त्रुटी येते. घोषित प्रकाराने सोडून दिलेली जबाबदारी येथे प्रत्यक्ष प्रकाराने उचलली आहे.

२००४ साली जेनेरिक्स ही सुविधा आली, तेव्हा लिस्टच्या बाबतीत उत्तर 'नाही' असे देण्यात आले. प्राध्यापकांची लिस्ट ही कर्मचाऱ्यांची लिस्ट नव्हे, असे कंपायलर स्पष्ट बजावतो. परंतु येथे दुसरी बाजू रिकामी राहिली. आधी लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम विनातक्रार चालत राहावेत यासाठी लिस्टमधील घटकांचा प्रकार कंपाइल झाल्यानंतर पुसून टाकला जातो. या तंत्रास इरेजर असेच नाव आहे. प्रोग्रॅम चालताना अक्षरमालिकांची लिस्ट आणि पूर्णांकांची लिस्ट यांचा क्लास एकच असतो. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प या भाषेने २००५ च्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीत ही माहिती चालत्या प्रोग्रॅममध्येही टिकवून ठेवली. तेथे या दोन लिस्ट प्रत्यक्षातही भिन्न असतात.

पुसण्याचा परिणाम काय होतो? जुन्या पद्धतीने, घटकांचा प्रकार न सांगता लिहिलेल्या एखाद्या मेथडने अक्षरमालिकांच्या लिस्टमध्ये पूर्णांक घातला तर कंपायलर इशारा देतो, परंतु अडवत नाही. घालतेवेळी काहीच घडत नाही. पुढे केव्हातरी, कदाचित दुसऱ्याच व्यक्तीने लिहिलेल्या भागात, तो घटक बाहेर काढला जातो आणि त्या निरपराध ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो. तुलनेने अ‍ॅरेची व्यवस्था अधिक प्रामाणिक वाटते. ती उशिरा बोलते खरी, परंतु चूक जेथे घडते तेथेच बोलते. घोषित प्रकार श्रेष्ठ की प्रत्यक्ष प्रकार, अशा चर्चेत त्रुटी कधी सापडते यावर भर दिला जातो. ती कोठे सापडते, हा प्रश्न प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे.

नल या मूल्याचाही येथे निर्देश केला पाहिजे. जावामध्ये ऑब्जेक्ट दर्शविणाऱ्या कोणत्याही व्हेरिएबलमध्ये नल ठेवता येते. घोषणा 'प्राध्यापक' म्हणते आणि प्रत्यक्षात तेथे कोणीच नसते. अशा रिक्त संदर्भाची कल्पना टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी आणली आणि २००९ मधील एका व्याख्यानात ती आपली अब्जावधी डॉलरची चूक असल्याचे त्यांनी स्वतःच म्हटले. २०१६ साली नादा अमीन आणि रॉस टेट यांनी नल व जेनेरिक्स यांच्या संयोगातून एक छोटा जावा प्रोग्रॅम सिद्ध करून दाखविला. त्यात कोठेही कास्ट नाही, तरीही चालताना क्लासकास्ट एक्सेप्शन येते. कंपायलरची संमती म्हणजे निरपवाद हमी, हा समज त्यामुळे औपचारिकरीत्याही टिकत नाही.

एरियान ५ : तपासणीनंतर काय?

घोषित प्रकारांविषयी अत्यंत काटेकोर असलेल्या भाषांत अ‍ॅडाची गणना होते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे ४० सेकंदांत ते नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम अ‍ॅडामध्ये लिहिलेला होता व तो आधीच्या एरियान ४ वरून घेतलेला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक मूल्य ६४ बिटांच्या अपूर्णांकातून १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित केले जात असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४ च्या मार्गावर ती मर्यादा ओलांडली जात नव्हती. नव्या अग्निबाणाचा मार्ग वेगळा होता आणि तेथे ती ओलांडली गेली.

दोन्ही बाजूंचे प्रकार घोषित होते, रूपांतर स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते, आणि मूल्य मावत नाही हे चालताना अचूक ओळखलेही गेले. तरीही अपघात झाला, कारण त्रुटी आढळल्यास प्रोसेसर थांबवावा अशी योजना होती. अशा सात व्हेरिएबलपैकी चारांना संरक्षण दिले होते. प्रोसेसरवरील भार मर्यादित ठेवण्यासाठी उरलेली तीन तशीच सोडली होती. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही यंत्रणांत एकच प्रोग्रॅम असल्याने दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या. विशेष म्हणजे ज्या कार्यासाठी ही गणना चालू होती त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर आवश्यकताच नव्हती.

जाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाच्या अहवालातील एक तपशील प्रकारांच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. बंद पडलेल्या यंत्रणेने मुख्य संगणकाकडे बिघाडाची माहिती सांगणारी बिटांची मालिका पाठविली. मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि त्यानुसार अग्निबाण वळविला. एका यंत्राच्या लेखी ती बिघाडाची नोंद होती, दुसऱ्याच्या लेखी तो कोन होता. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आत प्रकारांची शिस्त कडक होती. दोन यंत्रांमधील तारेवर ती नव्हती.

घोषणा नसलेल्या भाषा

पायथनमध्ये व्हेरिएबलचा प्रकार घोषित करावा लागत नाही. नावाला प्रकार नसतो, वस्तूला असतो. यावरून पायथनमध्ये प्रकारच नाहीत असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात, तो चुकीचा आहे. 'पाच' दर्शविणाऱ्या अक्षरमालिकेत तीन ही संख्या मिळवू गेल्यास पायथन टाइप एरर देते. जावास्क्रिप्ट मात्र संख्येचीच अक्षरमालिका करून ५३ असे उत्तर हाती ठेवते. तपासणी केव्हा होते हा एक प्रश्न आणि ती किती कठोर असते हा दुसरा. या दोहोंची गल्लत होऊ नये.

घोषणा नसल्याने प्रारंभ सुलभ होतो, यात शंका नाही. मात्र क्वचित वापरल्या जाणाऱ्या शाखेतील चूक ती शाखा प्रत्यक्ष चालेपर्यंत दडून राहते. प्रोग्रॅम मोठे होत गेले तशी या भाषांनाही घोषणेची गरज भासली. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली जावास्क्रिप्टसाठी टाइपस्क्रिप्ट आणली. पायथनमध्ये २०१५ च्या ३.५ या आवृत्तीपासून प्रकारसूचनांचे प्रमाणीकरण झाले. ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपल्या पायथन प्रोग्रॅमच्या ४० लाख ओळी अशा तपासणीखाली आणल्याचे २०१९ साली जाहीर केले. या सूचना पायथन स्वतः अमलात आणत नाही. मायपाय यांसारखे स्वतंत्र साधन त्या वाचते. टाइपस्क्रिप्टमध्येही कंपाइल झाल्यावर प्रकार पुसले जातात. म्हणून बाहेरून, दुसऱ्या संगणकाकडून आलेली माहिती घोषणेप्रमाणेच असेल याची खात्री तेथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करून घ्यावी लागते.

प्रकाराचा अंदाज

प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्या प्राध्यापकांनाही हा विषय परका नाही. स्प्रेडशीटमध्ये शून्याने सुरू होणारा आसनक्रमांक टंकित केला की आरंभीचे शून्य नाहीसे होते. चौकटीचा प्रकार कोणी घोषित केला नसल्याने प्रोग्रॅम मजकूर पाहून तो ओळखतो आणि आसनक्रमांकास संख्या ठरवितो. वस्तुतः आसनक्रमांक ही संख्या नव्हे. त्यांची बेरीज कोणी करीत नाही.

जीवशास्त्रात याच अंदाजाने मोठी अडचण निर्माण केली. सेप्ट१ आणि मार्च१ अशी संक्षिप्त नावे असलेली मानवी जनुके एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ साली जीनोम बायॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अखेर मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या जनुकांची नावे सेप्टिन१, मार्चएफ१ अशी बदलल्याचे नमूद केले. आपोआप होणारे हे रूपांतर बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. तोपर्यंत जनुकांची नावे बदलून झाली होती.

अध्यापनाविषयी

पहिली भाषा म्हणून सी वा जावाऐवजी पायथन ठेवावी काय, हा प्रश्न अलीकडे अनेक अभ्यास मंडळांसमोर आहे. पायथनला विरोध करण्याचे कारण दिसत नाही. मात्र ज्याने प्रथम पायथन शिकली त्याने घोषित प्रकार कधी पाहिलेलाच नसतो. जावाकडे येताच त्यास घोषणा हा केवळ टंकलेखनाचा वाढीव भार वाटतो. उलट, आधी जावा शिकलेला विद्यार्थी घोषणेलाच वस्तू समजून बसतो. दोन्ही उणिवांवर वर्गात एक साधा उपाय करता येतो. फळ्यावर प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने आखावेत : एकात पदावलीचा घोषित प्रकार, दुसऱ्यात त्या क्षणी असलेल्या वस्तूचा प्रत्यक्ष प्रकार. प्रत्येक मेथडच्या निवडीपुढे तिचा निर्णय कोणत्या रकान्यावरून झाला हे विद्यार्थ्याने लिहावे. पायथनच्या तासाला पहिला रकाना रिकामा राहतो. जावामधील पूर्णांकासमोर दुसरा रिकामा राहतो. प्रश्नपत्रिकेत 'ओव्हरलोडिंग व ओव्हररायडिंग यांतील फरक लिहा' याऐवजी दहा ओळींचा प्रोग्रॅम देऊन हे दोन रकाने भरण्यास सांगता येईल. त्यासाठी अभ्यासक्रमात कोणताही बदल करावा लागत नाही.